अ‍ॅटिकमधलं झोनोलाइट काढून नवीन इन्सुलेशन भरून घेतलं: सगळ्या कामाचा रिव्ह्यू

बॉस्टनच्या आसपास जुनी घरं घेतलेली आपली बरीच मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. काम मोठं होतं म्हणून लिहिणंही मोठं झालंय, सांभाळून घ्या. आमचं घर १९३० च्या दशकातलं. त्याच्या अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) झोनोलाइट नावाचं व्हर्मिक्युलाइट इन्सुलेशन निघालं, ज्यात फुफ्फुसांना घातक असे बारीक तंतू, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ते लायसन्सवाल्या, असा माल काढणाऱ्या अ‍ॅबेटमेंट कंपनीकडून काढून घेतलं, हवेची तपासणी वेगळ्या माणसाकडून करून घेतली, मग खाली सापडलेलं जुनं वायरिंग बदललं आणि शेवटी सेल्युलोज (कागदाच्या भुग्याचं इन्सुलेशन) भरून घेतलं. अ‍ॅबेटमेंट कंपनीला माझ्याकडून ५ पैकी ४, हवा तपासणाऱ्या मॉनिटरला ५ पैकी ५, इन्सुलेशनवाल्यांना साडेचार. नावं टाकत नाहीये, कारण या सगळ्या छोट्या लोकल कंपन्या आहेत, तुमच्या गावापर्यंत येतीलच असं नाही. त्यांनी काय केलं आणि काय करायला ठाम नकार दिला हे कळलं की तुम्हाला तुमच्याकडचा चांगला माणूस निवडता येईल, म्हणून तेच सविस्तर सांगते.

आधी ओळखायचं कसं ते, कारण अनेकांच्या डोक्यावर हे पडलेलं आहे आणि त्यांना पत्ताच नाही. आमच्याकडे बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बदलायचा होता, इलेक्ट्रिशियनने जुना डबा खाली ओढला आणि त्याच्यामागून पांढऱ्या टबमध्ये चमचमणारे दाणे सांडले. काही सोनेरी, काही चंदेरी, बरेचसे करडे-तपकिरी, वजनाला अगदी हलके. जवळून बघितलं तर प्रत्येक दाण्याला पातळ पापुद्र्यांचे थर, पेटीच्या भात्यासारखे एकावर एक दुमडलेले. ज्यांच्याकडे कुंडीत कढीपत्ता आहे त्यांनी हा पदार्थ पॉटिंग मिक्समध्ये पाहिलेला असणार, तेच खनिज (आज दुकानात मिळतं ते वेगळ्या खाणींमधलं असतं, त्यामुळे कढीपत्ता उपटायला धावू नका). इलेक्ट्रिशियन अनुभवी होता, त्याने तिथल्या तिथे काम थांबवलं, भोकावर प्लास्टिक लावून टेप मारला आणि म्हणाला झाडू नका, व्हॅक्यूम लावू नका, ओल्या पेपर टॉवेलने उचला आणि तो टॉवेल पिशवीत बंद करून ठेवा. घरातला साधा व्हॅक्यूम हे बारीक तंतू धरून ठेवत नाही, मागच्या बाजूने पुन्हा खोलीतच सोडतो, म्हणून ही सूचना फार महत्त्वाची.

बाकीची इन्सुलेशन वेगळी दिसतात. गुलाबी किंवा पिवळी कापसासारखी असेल तर ती फायबरग्लास. करड्या कागदाचा भुगा दिसत असेल तर सेल्युलोज. मळकट करडे किंवा तपकिरी, लोकरीसारखे गोळे असतील तर बहुतेक रॉक वूल. पांढरे, भुसभुशीत, चमक नसलेले दाणे असतील तर ते पर्लाइट असू शकतं. आणि खडीसारखं, जॉइस्टच्या (आडव्या लाकडी तुळयांच्या) मधे पिशवीतून ओतल्यासारखं पसरलेलं, बॅटरी मारल्यावर चकाकणारं काही दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट समजा आणि हॅच (वर चढायचं झाकण) हळूच बंद करून खाली या. हात घालून बघायची गरज नाही. कधी कधी वरून कोणीतरी नंतर गुलाबी फायबरग्लास अंथरलेलं असतं आणि हे त्याच्याखाली लपलेलं असतं, त्यामुळे वरवर बघून खूश होऊ नका. कोपऱ्यात रिकाम्या कागदी पिशव्या पडल्यात का तेही लांबूनच बघा, त्यावर झोनोलाइट लिहिलेलं असेल तर फोटो काढून ठेवा, पुढे कामाला येतो.

आता प्रश्न येतो की घर घेताना हे कोणी सांगितलं कसं नाही. होम इन्स्पेक्शनमध्ये सहसा अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी धरलेलीच नसते, रिपोर्टमध्ये फार तर "लूज फिल इन्सुलेशन" एवढं येतं. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये विकणाऱ्याने लेड पेंटबद्दल सांगायचं असतं, पण अ‍ॅटिकमध्ये काय आहे ते त्याने आपणहून सांगावं असं बंधन नाही. म्हणून घर बघायला जाल तेव्हा इन्स्पेक्टरला सरळ तोंडाने विचारा, व्हर्मिक्युलाइट दिसलं का, आणि अ‍ॅटिकचे फोटो मागून घ्या. ऑफर देण्याआधी कळलं तर किंमतीत बोलता येतं.

हे प्रकरण आलं कुठून हे मी नंतर वाचत गेले आणि वाचताना खरंच त्रास झाला. मोंटाना राज्यात लिबी नावाचं छोटं गाव आहे, त्याच्याजवळ व्हर्मिक्युलाइटची खाण होती. १९२० च्या दशकात तिथे झोनोलाइट कंपनी सुरू झाली, १९६३ मध्ये डब्ल्यू आर ग्रेस या कंपनीने ती घेतली आणि खाण बंद झाली १९९० मध्ये. त्या सगळ्या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून जास्त माल या एका खाणीचा होता. व्हर्मिक्युलाइट स्वतः वाईट नाही, तापवलं की फुगतं, हलकं होतं, जळत नाही, म्हणून लोकांनी हौसेने वापरलं. पण लिबीच्या त्या डोंगरात त्याच्याबरोबरच अँफिबोल जातीचा अ‍ॅस्बेस्टॉस होता आणि तो मालात मिसळून सगळीकडे गेला. लिबीत तर उरलेला माल शाळेच्या धावपट्टीवर आणि बेसबॉलच्या मैदानावर टाकला होता, लोक बागेत घालायला घरी न्यायचे, कामगार कपड्यांवर धूळ घेऊन घरी यायचे आणि बायकामुलांच्याही छातीत ती गेली. शेकडो माणसं गेली त्यात. १९९९ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका वर्तमानपत्राने हे बाहेर काढलं तेव्हा कुठे ईपीए (अमेरिकन सरकारची पर्यावरण संस्था) गावात पोचलं, आणि जून २००९ मध्ये ईपीएने लिबीसाठी पब्लिक हेल्थ इमर्जन्सी जाहीर केली, सुपरफंड या प्रदूषित जागांच्या सफाईच्या कायद्याखालची ती पहिलीच. कच्चा माल रेल्वेने देशभरातल्या दोनशेहून जास्त ठिकाणी जायचा, तिथल्या भट्ट्यांमध्ये फुगवून पिशव्यांत भरला जायचा, आणि अशी एक फॅक्टरी आमच्या राज्यात ईस्टहॅम्प्टनलाही होती. म्हणजे हे काही लांबच्या मोंटानाचं दुखणं नाही. पिशवी आणा, जॉइस्टच्या मधे ओता, फळीने सपाट करा, झालं, अशा घरच्या घरी करायच्या कामासाठी हा माल विकला जायचा. किती घरमालकांनी एखाद्या शनिवारी मास्क न लावता हे केलं असेल, मला तर विचारही करवत नाही.

हे तंतू छातीत गेले तर लगेच काहीच होत नाही, हीच त्यातली फसवी गोष्ट. अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा हे सगळं दहा-वीस नाही तर कधी कधी चाळीस वर्षांनी समोर येतं. आमची मुलं लहान आहेत. त्यामुळे नवऱ्याचं आणि माझं यावर फार वेळ बोलणं झालंच नाही, काढायचं हे ठरलं.

पण सगळ्यांनी काढायलाच हवं असं नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. ईपीएचं म्हणणं असं की व्हर्मिक्युलाइट दिसलं तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला आणि त्याला हात लावू नका. कोणी वर जात नसेल, काही साठवत नसेल, छताला भेगा नसतील तर ते जागच्या जागी पडून राहू शकतं. खर्च झेपत नसेल तर दिव्यांच्या आणि पंख्यांच्या कडा, छताच्या फटी खालून कॉकने (फटी भरायच्या पेस्टने) बंद करा, हॅचला गॅस्केट लावा, दिवाळीचे दिवे आणि रिकाम्या सुटकेसा वर टाकणं बंद करा, मुलांना वर चढू देऊ नका, आणि छतातला मोठा होल हाउस फॅन असेल तर तो चालवू नका. आम्ही काढलं कारण आमच्या छतातून ते आधीच खाली गळत होतं आणि बाथरूमचं काम करायचंच होतं.

आता सर्व्हिसकडे येते. आमच्याकडे मास सेव्हची, म्हणजे राज्यातल्या ऊर्जा वाचवायला सवलती देणाऱ्या योजनेची, एनर्जी असेसमेंट आधीच ठरलेली होती. तो माणूस आला, हॅच उघडून बॅटरी मारली, दोन सेकंदात बंद केली आणि म्हणाला आज ब्लोअर डोअर टेस्ट करणार नाही. ती टेस्ट म्हणजे मुख्य दारात मोठा पंखा लावून घरातली हवा बाहेर खेचतात आणि घर कुठून गळतंय ते बघतात, पण अ‍ॅटिकमध्ये व्हर्मिक्युलाइट असेल तर त्याच खेचण्याने वरची धूळ खोल्यांमध्ये येणार. त्याने पेपरवर बॅरियर असं लिहून दिलं, म्हणजे हे निघेपर्यंत सवलतीचं इन्सुलेशन नाही. सुरुवातीला वाटलं काम अडकलं, पण तो बरोबर होता आणि त्याने नीट समजावूनही सांगितलं. कोणी हे बघूनही टेस्ट करायला निघाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मग कोट घेतले आणि तिथे मात्र राग आला. एका इन्सुलेशन कंपनीचा सेल्समन म्हणाला की आम्ही याच्यावरच नवीन माल उडवतो, दहा इंच थर बसला की खाली काय आहे कोणाला दिसणारही नाही. अहो, दिसण्याचा प्रश्नच नाहीये ना! जोराच्या हवेने नवीन माल उडवताना खालचं सगळं ढवळलं जाणार, आणि पुढे ज्याला कोणाला वर काम करायचंय त्या बिचाऱ्याला खाली काय आहे ते कळणारही नाही. दुसरा एक जण म्हणाला वीकेंडला दोन माणसं आणि शॉप व्हॅक घेऊन येतो, कॅश द्या, परमिट-बिरमिट काही नको, अर्ध्या पैशात होईल. आपल्यातल्याही काहींना हा मोह होतो हे मला माहिती आहे, स्वस्तात होतंय तर करून टाकू म्हणून. नका करू. ते दोघं वर जाणार तेसुद्धा बहुतेक साधे मास्क लावून, आणि तुमचं पूर्ण घर ते धुळीने भरून जाणार, मग फक्त अ‍ॅटिक नाही तर सोफा, गाद्या, डक्ट सगळंच साफ करायची वेळ येईल.

ज्यांना काम दिलं त्यांचा माणूस आला तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला ते असं, की हवा तपासणारा मॉनिटर आम्ही आणणार नाही, तो तुम्ही स्वतः ठरवा, त्याचे पैसे तुम्ही वेगळे द्या, आमच्या ओळखीचा घेऊ नका. मला तिथेच भरवसा वाटला. जो काढतो त्यानेच साफ झालं म्हणून सर्टिफिकेट द्यायचं हे बरोबर नाहीच, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवहारात घरमालकाने हट्टाने धरून ठेवायची गोष्ट ही एकच. मॅसॅच्युसेट्समध्ये काढणारा काँट्रॅक्टर आणि मॉनिटर दोघांनाही डिपार्टमेंट ऑफ लेबर स्टँडर्ड्सचं लायसन्स लागतं, ते मागा आणि तारीख बघा. शिवाय काम सुरू करायच्या १० वर्किंग डे आधी काँट्रॅक्टरला मास डीईपीकडे (राज्याच्या पर्यावरण खात्याकडे) एएनएफ-००१ हा फॉर्म भरावा लागतो. आमच्या कंपनीने त्याची कॉपी न मागता मेल केली. "उद्याच येतो" म्हणणारा कोणी भेटला तर तो हा फॉर्म भरणार नाहीये एवढं समजून जा.

सँपलबद्दल एक गोष्ट. इन्स्पेक्टरने वरच्या वर मूठभर उचललं नाही, तीन-चार वेगळ्या जागांहून पार तळापर्यंतचा माल घेतला, कारण बारीक तंतू खाली बसतात. लॅबचा रिपोर्ट आला त्यात अ‍ॅस्बेस्टॉसची जात लिहिली होती ट्रेमोलाइट-अ‍ॅक्टिनोलाइट, १ टक्क्याहून कमी. नवऱ्याला वाटलं चला सुटलो. पण १ टक्का ही सरकारी नियमातली रेघ आहे, तब्येतीची नाही. वजनाने अगदी थोडा असला तरी हलवल्यावर हवेत खूप तंतू सुटतात, आणि हे मिश्रण सगळीकडे सारखं नसल्यामुळे एका सँपलमध्ये काहीच सापडलं नाही तरी दोन फुटांवर असू शकतं. म्हणूनच ईपीए टेस्टवर फार विसंबू नका, आहे असंच धरा म्हणतं.

प्रत्यक्ष काम बघण्यासारखं होतं, म्हणजे आम्ही बाहेर राहायला गेलो होतो पण सेटअप झाल्यावर त्यांनी मला दारातून दाखवलं. हॉलवेमध्ये जाड प्लास्टिकचे दोन थर, जमिनीपासून छतापर्यंत, सगळ्या सांध्यांना टेप, हीटिंगचे व्हेंट बंद करून त्यावर पण प्लास्टिक. त्यातून हॅचकडे जायला तीन छोट्या खोल्या, एकात कपडे बदलायचे, मधल्यात शॉवर, शेवटच्यात घाण कपडे उतरवून पिशवीत टाकायचे. शॉवर म्हणजे खरा शॉवर, पाणी गाळून सोडणारा. एका खिडकीतून मोठा पाइप बाहेर काढलेला, तो निगेटिव्ह एअर मशीनचा, हेपा (अगदी बारीक तंतू धरणारा) फिल्टर लावलेला, जो आतली हवा सतत ओढून गाळून बाहेर टाकतो त्यामुळे प्लास्टिकच्या भिंती आत ओढल्यासारख्या ताणलेल्या असतात. बाहेर एक छोटं मीटर लटकवलं होतं, त्यावर हवेच्या दाबाचा आकडा उणे ०.०२ इंचाच्या खालीच राहिला पाहिजे, शून्याकडे सरकला तर काम थांबवायचं. सुपरवायझर जाता-येता त्या आकड्याकडे बघायचा, मीटरकडे न बघता कोणी आत गेलंय असं मला दिसलं नाही.

माणसं पांढऱ्या सूटमध्ये, चेहराभर मास्क, आणि उन्हाळ्यात अ‍ॅटिक म्हणजे भट्टीच. वर पाणी फवारून माल ओला करायचा, मग जाड होजने बाहेरच्या व्हॅक्यूम मशीनमध्ये ओढायचा, उरलेलं हाताने, आणि सगळं लेबल लावलेल्या दुहेरी पिशव्यांत बंद. अशा उन्हात ते दर थोड्या वेळाने बाहेर यायचे, पूर्ण शॉवर घेऊन, पाणी पिऊन पुन्हा नवीन सूट घालून आत. यातले बरेच जण बाहेरच्या देशांतून आलेले, आपल्यासारखेच. त्यांच्याकडे बघून मी मनापासून सांगते, या कामाला पैसे जास्त लागतात ते या माणसांच्या छातीची काळजी घेण्याचे लागतात, त्यात घासाघीस करू नये.

आणि मग मॉनिटर. काम झालं असं कंपनीने सांगितल्यावर ती बाई सूट घालून वर गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. आधी ती नुसतं डोळ्यांनी बघते, बॅटरी आडवी धरून, कारण आडव्या उजेडात एकेक दाणा चकाकतो. धुराड्याच्या कडेला आणि जुन्या फळ्यांच्या खाली तिला दाणे दिसले, तिने फोटो काढले आणि क्रूला परत वर पाठवलं. त्यांनीही एक शब्द न बोलता फळ्या उचलून पुन्हा साफ केलं. दुसऱ्यांदा बघितल्यावर ती हो म्हणाली, मग त्यांनी वर एक चिकट लेप फवारला, उरलेसुरले तंतू लाकडाला चिकटून राहावेत म्हणून, आणि तो सुकल्यावर तिने पंप लावून हवेचे सँपल घेतले. पास व्हायची मर्यादा घन सेंटीमीटरला ०.०१ फायबर. त्यातही तिने समजावलं की साध्या मायक्रोस्कोपमध्ये सगळेच तंतू मोजले जातात, अ‍ॅस्बेस्टॉस असो की कापूस, त्यामुळे आकडा वर आला तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने पुन्हा बघता येतं. आमचा पहिल्यातच पास झाला. तो रिपोर्ट हातात येईपर्यंत प्लास्टिक उतरवू दिलं नाही तिने. तिचे पैसे पूर्ण बिलाच्या मानाने फारच कमी होते आणि त्यांच्याइतके सार्थकी लागलेले पैसे या घरात दुसरे नाहीत.

अ‍ॅबेटमेंट कंपनीचा एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. टेप काढताना हॉलवेच्या छताचा रंग पट्ट्यापट्ट्यांनी उखडून आला, आणि हे होणार हे त्यांना माहीत असणार तर आधी सांगायला हवं होतं, आम्ही पेंटरला त्याच हिशोबाने बोलावलं असतं. दुसरं म्हणजे बिल. सगळ्या कामाचा एकच आकडा लिहून पाठवला, मला वेगवेगळा हवा होता, काढण्याचे किती आणि बाकीचे किती, त्यासाठी पुन्हा पुन्हा फोन करावे लागले. तुम्ही हे आधीच कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या. आणखी एक, पण हा त्यांचा दोष नाही, भिंतींच्या आत जे गळून गेलंय ते निघत नाही. जुन्या घरांच्या भिंती काही ठिकाणी वरून उघड्या असतात, दाणे त्यात खाली उतरलेले असतात, ते काढायचे तर भिंती फोडाव्या लागतील. कंपनीने कोणत्या भिंतींमध्ये आहे ते घराच्या नकाशावर लाल पेनने खुणा करून दिलं, तिथे खिळा ठोकताना किंवा स्विच बदलताना लक्षात ठेवायचं.

माल निघाल्यावर खाली काय दिसलं तर नॉब अँड ट्यूब वायरिंग. पांढऱ्या चिनी मातीच्या गुंड्या, त्यांच्यावरून ताणलेल्या कापडी वेष्टणाच्या वायरी. ही वायर मोकळ्या हवेत थंड राहावी अशीच बनवलेली आहे, तिच्यावर इन्सुलेशन दाबलं तर ती तापते, म्हणून चालू नॉब अँड ट्यूबवर इन्सुलेशन भरायचं नाही. आमच्याकडे इतकी वर्षं ती व्हर्मिक्युलाइटखाली पुरलेली होती. १९४० च्या आधीचं घर असेल तर या खर्चाची तयारी ठेवा. इलेक्ट्रिशियनने ती सगळी बंद करून नवी वायर टाकली आणि मास सेव्हला द्यायला सही करून दिली.

इन्सुलेशनवाले नंतर आले, मास सेव्हतर्फेच, त्यामुळे आमच्या वेळी ७५ टक्के सवलत मिळाली. हे लोक मला आवडले ते एवढ्यासाठी की पहिला पूर्ण वेळ त्यांनी एक चिमूटही इन्सुलेशन भरलं नाही, फक्त फटी बुजवल्या. रिकामा अ‍ॅटिक असा पुन्हा कधी मिळणार नाही, त्यामुळे हवा गळणाऱ्या जागा बंद करायची हीच वेळ. भिंतींच्या वरच्या लाकडांच्या कडा, वायरी आणि पाइप जातात ती भोकं, दिव्यांचे डबे, सगळीकडे फोम. धुराड्याभोवतीच्या फटीला मात्र फोम नाही, तिथे पत्रा आणि आग सहन करणारं सीलंट, आणि सेल्युलोज धुराड्याला टेकू नये म्हणून पत्र्याचं कुंपण. बाथरूमचा एक्झॉस्ट आधी अ‍ॅटिकमध्येच उघडा होता, तो पाइपने छपराबाहेर काढला, नाहीतर थंडीत ती वाफ वर जाऊन लाकडावर बुरशी येते. छपराच्या कडेला बॅफल (हवेला वाट ठेवणाऱ्या पट्ट्या) लावले म्हणजे सॉफिटमधून (छपराच्या बाहेर आलेल्या कडेच्या खालून) येणारी हवा अडणार नाही. मग सेल्युलोज, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा, आग आणि किडीसाठी बोरेट घातलेला.

थर किती हवा ते विचाराच. थंड भागासाठी सध्या आर-६० सुचवतात (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप). व्हर्मिक्युलाइटचा इंचाला साधारण २ च्या वर थोडा आर मिळतो, आमच्याकडे चारेक इंच होतं म्हणजे जेमतेम ९, आणि त्यावर आम्ही इतके हिवाळे तेल जाळलं. सेल्युलोज इंचाला साडेतीनच्या आसपास, म्हणजे आर-६० ला सतरा-अठरा इंच, आणि ते बसतं म्हणून भरताना आणखी जास्त. क्रूने जॉइस्टना इंचाच्या खुणांच्या पट्ट्या लावल्या होत्या, मी हॅचमधून डोकं घालून त्या बघितल्या, सगळ्या कोपऱ्यांत सारखं भरलेलं होतं. अर्धा गुण कमी केला कारण हॅचच्या वरचं इन्सुलेटेड झाकण विसरले होते आणि ते लावायला परत बोलवावं लागलं. आले मात्र लगेच.

पैशांचं. काढणं, मॉनिटर आणि लॅब मिळून १५,००० डॉलरच्या आसपास गेले, वायरिंग वेगळं. पण माल झोनोलाइट असेल तर काही पैसे परत मिळतात हे फार थोड्यांना माहिती आहे. डब्ल्यू आर ग्रेसने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, २०१४ मध्ये त्यातून बाहेर पडताना झोनोलाइट अ‍ॅटिक इन्सुलेशन ट्रस्ट उभा राहिला. तो मान्य झालेल्या खर्चाच्या ५५ टक्के परत देतो, पण त्याला वरची मर्यादा आहे, सुरुवातीला ती ४,१२५ डॉलर होती आणि नंतर वाढवत नेलीये. म्हणजे आमच्यासारख्या मोठ्या बिलाला प्रत्यक्षात ५५ टक्के पडत नाहीत, तरी जे येतात ते कमी नाहीत. माल खरंच झोनोलाइट आहे याचा पुरावा लागतो, आणि एकदा तो ट्रकमधून गेला की पुरावा कुठून आणणार, म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच ट्रस्टच्या साइटवर काय काय लागतं ते वाचा, फोटो काढा, सँपल सीलबंद ठेवा (हे इन्स्पेक्टरकडूनच घ्या, स्वतः वर जाऊ नका). बिल, पैसे दिल्याची पावती, मॉनिटरचा रिपोर्ट हे सगळं जोडावं लागतं, त्यासाठीच मी बिलावरून एवढी भांडत होते.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं आपल्या गावच्या घराच्या पडवीला सिमेंटचे पत्रे आहेत त्यातपण हेच असतं ना. असतं. भारतात अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे अजून विकले जातात. त्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले असतात, इथल्या दाण्यांसारखे मोकळे नाहीत, त्यामुळे धड पत्रा शांतपणे डोक्यावर असेल तर भीती कमी. पण तो कापताना, भोक पाडताना, फोडताना धूळ उडते तीच घातक. पत्रे बदलायचे असतील तर ओले करून, अख्खेच उतरवा, हातोड्याने तुकडे करू नका, आणि ते तुकडे अंगणात भरावाला टाकू नका. सासऱ्यांनी गड्याला तसं बजावून ठेवलंय.

कोणाला कोट वाचून दाखवायचे असतील, काय विचारायचं ते हवं असेल तर खाली लिहा, मी उत्तर देईन. आणि सध्या घर बघताय, १९९० च्या आधीचं आहे, तर इन्स्पेक्टरला अ‍ॅटिकच्या फोटोंचं आजच सांगून ठेवा.